गुड फ्रायडेची घंटा

मार्सेलला घड्याळ लागत नसे, उलट गावालाच मार्सेल लागे. त्याने दोर ओढला की बायका चुली पेटवत, पुन्हा ओढला की बागायतीतली माणसं जेवायला उठत. बाई गेली की दोन-दोन ठोके, पुरुष गेला की तीन-तीन. असं चौतीस वर्षं चाललं होतं. पोटापाण्याला दीड एकर केळी आणि चार वाफे पानवेल होतीच, पण कोणी विचारलं तर तो स्वतःला बागायतदार म्हणवत नसे. "मी घंटेवर असतो," एवढंच सांगायचा, आणि सांगताना जरा ताठ व्हायचा.

माणूस भला, पण नियमाच्या बाबतीत महाकडक. गुड फ्रायडेच्या आदल्या, पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ग्लोरियाचं स्तोत्र झालं की घंटा मुकी होते. शनिवारी रात्री ईस्टरचा ग्लोरिया होईपर्यंत तिला शिवायचं नाही. मधल्या वेळात जे काही वाजवायचं ते लाकडी फळीवर. फळीला एक मोगरी जोडलेली असते, ती हलवली की खडाखडा आवाज होतो. मार्सेल गुरुवारी घंटेचा दोर वर गुंडाळून अशी गाठ मारायचा की कोणाच्या बापाला सुटू नये.

फळीची एक रीत तर त्यानेच पाडलेली. त्याची थोरली बहीण आल्बिना तरणेपणी विधवा होऊन माहेरी आली आणि आईमागे तिनेच त्याला वाढवलं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिचं चर्चला येणं सुटलं. तेव्हा ती म्हणाली, "मार्सेला, क्रुसाचं चुंबन सुरू झालं की मनोऱ्यात चढून फळी वाजव रे. आम्ही घरी राहिलेली माणसं तिथल्या तिथे गुडघे टेकू." झालं! बहिणीचा शब्द त्याला फादरच्या शब्दाहून मोठा. तेव्हापासून दर गुड फ्रायडेला फळी ऐकू आली की सगळ्या वाडीतली म्हातारीकोतारी दार लोटून क्रुसापुढे गुडघे टेकायची आणि आवाज थांबेपर्यंत उठायची नाहीत.

एकोणऐंशी सालचा गुड फ्रायडे तेरा एप्रिलला आला. ऊन असं, की विहिरीच्या कठड्याला हात लावला तर भाजावा. मार्सेलची वाडी चर्चपासून मैलभर पश्चिमेला, अगदी माळाला लागून. तेरा घरं, त्यातली निम्मी झावळ्यांनी शाकारलेली. पलीकडच्या माळावर कमरेएवढं गवत वाळून उभं होतं आणि त्यात जागोजागी शिंदीची झाडं. दुपारी मार्सेल बायकोला, सेलिनला, घेऊन चर्चला निघाला तेव्हा घरी दोघीच उरल्या. एक आल्बिना आणि दुसरी सून सालोमी. सालोमी बाळंत होऊन एकवीस दिवस झाले होते, चाळीस दिवसांआधी तिने उंबरा ओलांडायचा नव्हता. मुलगा क्लेमेंट मस्कतला. पहिला नातू अजून त्याने पाहिलाही नव्हता.

तीनला विधी सुरू झाला. फादर रीतीप्रमाणे वेदीपुढे पालथे पडले, आणि हजार माणसं असलेल्या चर्चमध्ये चिटपाखरू नसल्यासारखी शांतता पसरली. मार्सेल फळी घेऊन मनोऱ्याच्या दाराशी उभा होता. सहज म्हणून त्याने पश्चिमेला पाहिलं.

माळावरून धूर उठत होता. थोडाथोडका नव्हे, आडवा, काळा, आणि समुद्रावरच्या वाऱ्याने थेट वाडीच्या अंगाला रेललेला. कोणी मधमाश्या उठवायला चूड पेटवली की कोणी विडी टाकली, ते आजतागायत कळलेलं नाही.

तेवढ्यात शेजारचा पॉल सायकल टाकून धावत आला. धापेने त्याला बोलता येईना. "मार्सेलकाका, रस्ता बंद! ओढ्यावरच्या मोरीच्या दोन्ही अंगाला गवत पेटलंय. यष्टी मागे फिरवली. पोलीस कोणाला सोडत नाहीत."

"आणि वाडी?"

"वाडीत कोणाला पत्ताच नसणार हो! सगळी आत झोपलेली असतील, नाहीतर प्रार्थनेला बसलेली."

मार्सेलचा हात आपसूक दोराकडे गेला. वर गाठ होती. कालच त्याने स्वतः मारलेली, दात लावून आवळलेली. आज घंटा? आजच्या दिवशी? ख्रिस्त क्रुसावर असताना? फादरना विचारावं, तर फादर जमिनीला कपाळ टेकून पडलेले. चौतीस वर्षांत त्याने एक ठोका इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. छे! पण वाडीला कळवायचं तर होतंच. तो फळी घेऊन मनोऱ्याच्या पायऱ्या चढला, पश्चिमेच्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकला आणि जीव खाऊन फळी वाजवू लागला. खड खड खड खड. ऐका रे! बाहेर या रे! त्याला वाटलं, एवढा आवाज ऐकून मेलेला माणूससुद्धा उठेल.

किती वेळ वाजवली कोण जाणे. सात-आठ मिनिटं असावीत. धूर वाडीच्या माडांपर्यंत आला तरी अंगणात एक माणूस दिसेना. खालून पॉल ओरडत होता, पण खडखडाटात ऐकू येत नव्हतं. शेवटी तो वरच आला आणि त्याने मार्सेलचं मनगट धरलं.

"काका, थांबा! फळी ऐकून ती माणसं गुडघे टेकून बसली असतील!"

मार्सेलने फळी टाकली. अरे देवा. दारं लोटून. आवाज थांबायची वाट बघत.

तो गाठीवर तुटून पडला. नखं उलटली, गाठ सुटेना. पॉलने खालून कोयता आणला. गाठ कापून दोर मोकळा झाला तसा मार्सेल त्याला लटकला, आणि गुड फ्रायडेच्या भर दुपारी घंटा कडाडली. चर्चमधली माणसं भूत पाहिल्यासारखी बाहेर आली. कोणी म्हणालं, "मार्सेल खुळावला!" मग त्यांनीही धूर पाहिला आणि एकच कल्लोळ उडाला. मार्सेल दोर ओढत होता आणि रडत होता. "ऊठ गं आल्बिना, ऊठ! सालोमी, पोराला घे! ऊठ गं माझी बाय!"

लांबून वाडीची दारं उघडताना दिसली. माणसं अंगणात आली, पोरांना काखेत मारून नांगरटीच्या मोकळ्या शेतांकडे धावली. तेव्हा त्याने दोर पॉलच्या हाती दिला आणि मोरीकडे धाव घेतली. हवालदाराने आडवा हात घातला. मार्सेल पाया पडला, शिव्या दिल्या, पुन्हा पाया पडला. पुढे रस्त्यावर ज्वाळा एकमेकींना भिडत होत्या. हवालदार तरी काय करणार? मग तो शेतांच्या बांधांवरून, लांबच्या वळणाने, शेजारच्या निर्मळ गावाच्या दिशेने पळत सुटला. बासष्ट वर्षांचा माणूस, पायात चप्पल नाही.

वाटेत बैलगाड्या भेटल्या. खाडीकाठचे शेतकरी मदतीला गाड्या जुंपून आले होते. त्यांतल्या शत्रुघ्नने त्याला ओळखलं. "मार्सेलभाऊ, तुझी सून नि नातू निर्मळच्या शालेत हाईत. मीच पोचवली. बस, पानी पी."

"आणि आल्बिना?"

शत्रुघ्नने बैलांकडे पाहिलं. "तू चल आधी," तो म्हणाला.

शाळेच्या व्हरांड्यात सालोमी बाळाला छातीशी धरून बसली होती. केसांत राख. मार्सेलला पाहताच ती उठली आणि हुंदक्यांमधून एका दमात बोलली.

"पापा, मला जळाल्याचा वास आला होता. मी म्हटलं, आते, बाहेर बघते. ती म्हणाली, मार्सेलची फळी वाजतेय, गुडघे टेक. मी टेकले. मग घंटा झाली, तशी आतेच म्हणाली, पळ, काहीतरी वाईट झालंय. पण तिचे गुडघे आखडले, पापा. मी एका हाताने ओढलं, दुसऱ्या हातात हा होता. वरची झावळी पेटून खाली पडली. ती म्हणाली, लेकराला ने. मी परत जाणार होते. खरंच जाणार होते."

मार्सेलने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शनिवारी दुपारी आल्बिनाला पुरलं. लोक येऊन मार्सेलचा हात धरत होते. तुझ्या घंटेनं अख्खी वाडी वाचली, असं जो तो म्हणत होता. दोन-चार म्हातारे मात्र कुजबुजले, की कसंही असलं तरी त्या दिवशी घंटा वाजवायला नको होती. मार्सेलने दोन्ही ऐकलं. संध्याकाळी ईस्टरच्या जागरणाआधी तो पापनिवेदनाला गेला. जाळीपलीकडे फादर होते. त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि त्याला सुरुवातही करू दिली नाही.

"मार्सेल, लोकांचं मनावर घेऊ नकोस. माणसांचा जीव वाचवायला तू घंटा वाजवलीस. त्यात पाप नाही."

"ते मला ठाऊक आहे, फादर," मार्सेल म्हणाला. "मी आधी फळी वाजवली, त्याचं सांगायला आलोय."