टबाच्या नळाचा ठसा

विद्यानगरच्या आमच्या घरात बाथटब आहे, पण त्यात कुणी कधी अंघोळ केलेली नाही. पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून त्यात साठवण. त्याचा जुना पितळी नळ गळू लागला, टब भरून वाहू लागला आणि गच्चीवरची टाकी रिकामी होऊ लागली. बाबा नळाला टॉवेल गुंडाळून, दात-ओठ खात तो आवळायचे. नवा वायसर घातला की चार दिवसांत चिरायचा.

नळ भिंतीत चिणलेला. शेवटी तो बदलायचं ठरवून प्लंबर म्हणाला, "दीवार तोडना पडता, साब." दुसऱ्या दिवशी दुपारी तो हातोडा घेऊन येणार होता.

मी भडकले. बाबा युनियनची पत्रकं स्वतः लिहून, घरीच छापून काढत. मी त्यांच्या घड्या घालत वाढले.

"बाबा, दुरुस्त होणारं फेकू नका, हे कुणी लिहिलं होतं?"

"ते कारखान्यातल्या यंत्रांबद्दल होतं."

"मग नळ काय झाडाला लागतो?"

आई मधे पडली, "दुपारपर्यंत काय करायचं ते कर. माझ्या फरशा फुटल्या तर बाप-लेक दोघांनीही माझ्याशी बोलू नका."

सकाळी मी पाणी बंद करून नळाचा वरचा भाग खोलला. वायसर ज्या पितळी कडेवर टेकतो, ती कडा आत खोल. डोळ्यांना धड दिसेना. मग मला आमचा छपाईचा धंदा आठवला. कडा पुसून तिला शिक्क्याची शाई लावली, पोस्टरच्या मार्करच्या सपाट बुडाला कागद चिकटवला आणि दाबला. ठसा उमटला: गोल, पण एका बाजूला तुटलेला. पाणी तिथूनच निसटत होतं. वायसर बिचारे उगाच बदनाम!

अफझलगंजच्या दुकानात ती कडा घासायचं हत्यार मिळालं. "नया नल लेलो ना, कायकू परेशान होते?" दुकानदार हसला. मी नाही हसले.

हलक्या हातानं घासायचं, शाई लावायची, ठसा घ्यायचा. फट आखूड होत गेली आणि अखेर वर्तुळ सलग उमटलं. आजवर छापलेल्या कुठल्याही कागदाचा मला इतका अभिमान वाटला नव्हता.

पितळेचा भुगा धुऊन, नवा वायसर घालून नळ जोडला आणि पाणी सुरू केलं. प्लंबर दारात आला तेव्हा बाबा टॉवेल घेऊन आत शिरत होते. मी टॉवेल काढून घेतला. त्यांनी नळ सोडला, मग नुसत्या दोन बोटांनी बंद केला आणि वाट पाहिली. एक थेंबही पडला नाही.

"भाई, हातोडा वापस लेके जाओ," बाबा मोठ्यानं म्हणाले. "हमारी बेटी नल ठीक कर दी."