संदर्भयादीतून सारजाअक्का काढा म्हणे!

मंडळी, आपली ही फिरती वही कालच पाचोऱ्याच्या डॉक्टरांकडून माझ्याकडे आली. एरवी मी दोन ओळी लिहून ती पुढच्या दवाखान्याला धाडतो, पण आज डोकं तापलंय.

नारूवरचा माझा लेख वैद्यकीय मासिकाच्या संपादकांनी सकाळच्या टपालाने परत पाठवला. कारण काय, तर शेवटच्या यादीतला सातवा संदर्भ: "सारजाअक्का, अमळनेर तालुका, तोंडी माहिती." ग्रंथ नाही, खंड नाही, पृष्ठांक नाही. म्हणून हे नाव काढा आणि तिथे एका इंग्रज डॉक्टरांचं पुस्तक घाला, असा हुकूम!

अहो, पायातून निघणारा नारूचा किडा चिमट्याने ओढून तोडणारा मी. रोग्याचा पाय सुजून भोपळा झाला. काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळत तो अखंड कसा काढायचा, हे मला याच अक्काने शिकवलं.

दुपारी ती दवाखान्यात आली, तेव्हा तिला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "डॉक्टर भाऊ, त्या सायेबले कोनी शिकाडं, हाई तरी इचार."

मी ते पुस्तक कपाटातून काढलं आणि संपादकांनी सांगितलेलं पान उघडलं. तिथे लिहिलंय, ही रीत साहेबांना खेड्यातल्या एका म्हातारीने दाखवली. म्हातारीचं नाव मात्र कुठेच नाही.

लेख मी उद्याच परत धाडतोय. सातव्या जागी सारजाअक्काच राहील.

तुम्हीच सांगा, बाईचं नाव गाळलं की संदर्भ पक्का, आणि लिहिलं की कच्चा?