जमुनाबाईंच्या फोनमधला परका

जमुनाबाईंनी एकवीस वर्षांत एकशे चार सोयरिकी जुळवल्या, एक पैसा न घेता. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम त्या अमरावतीतल्या स्वतःच्या घरी ठेवत. बोलणं फिसकटलं तरी मुलीच्या गल्लीत चर्चा नको. त्यांना सांगितलेली गोष्ट त्यांच्यापाशीच राही.

बुधवारी सकाळी तेल्हाऱ्याहून मैनाबाईंचा फोन आला. त्यांचा भाचा विपुल रविवारी आचलला पाहायला येणार होता.

"मुलीचं एक साक्षगंध मोडलं होतं म्हणे. अकोल्यातून कानावर आलं. तुमी तं बोलल्या नाही, बाई."

मोडलेल्या साखरपुड्याचं आचलने त्यांना चार दिवसांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: 'विपुलला मी स्वतः सांगीन, दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.' आणि त्याखाली त्यांचं उत्तर: 'माझा शब्द.'

"विपुलले समजलं काय?"

"नाही अजून. दिवसभर शेतात असते तो. जेवतानी सांगीन."

म्हणजे संध्याकाळपर्यंत वेळ होता.

पंजाबराव, त्यांचे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना वाईट निराळ्याच गोष्टीचं वाटलं. "मले काहून नाही सांगतलं?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी ते तिकिटासारखं वाटत गेले असते. बडनेऱ्यापर्यंत."

भाची करिश्मा अकोल्याच्या पॉलिटेक्निकमध्ये संगणक शिकवते. गोष्ट फोनमधूनच फुटली असणार म्हणून जमुनाबाईंनी तिला बोलावलं; दुपारी ती येऊन पोचली आणि चहाआधी तिने मोबाइलवर घरच्या वायफायची यादी उघडली.

"आत्या, तेवीस फोनांची नोंद आहे. घरात माणसं दोन."

जमुनाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडरच्या खाली, पाहुण्यांना दिसेल असा, त्यांच्याच अक्षरात पासवर्ड लिहिलेला होता. पाहुणे आले की आधी पाण्याचा तांब्या, मग पोहे, आणि मग बोट भिंतीकडे. दोन्ही घरच्यांना फोटो, बायोडाटा पाहायचे असत. नाही कसं म्हणणार? एकवीस वर्षांचं आतिथ्य त्या भिंतीवर उघडं पडलं होतं.

करिश्माने वायफायचा पासवर्ड बदलला. राऊटरच्या आत शिरायचा, कंपनीने दिलेला पासवर्डही बदलला. यादी रिकामी झाली.

"पण ह्यातून तुझे मेसेज कोणी वाचले असतील असं मले वाटत नाही," ती म्हणाली. "फोन दे."

ती व्हॉट्सअ‍ॅपच्या आत गेली, लिंक्ड डिव्हायसेसवर, म्हणजे हे खातं आणखी कुठे उघडं आहे त्या यादीवर, बोट ठेवलं आणि थांबली. तिथे एक संगणक होता. शेवटचा वापर: आज, सकाळी नऊ चाळीस.

"मामाजी, घरात कम्प्युटर आहे?"

"माया घरात मिक्सर आहे."

जमुनाबाई उठून उभ्या राहिल्या. आपल्या घरात कुणी परका बसून आहे आणि आपण त्याच्यासमोर रोज बोलत आलो, असं त्यांना वाटलं. मग एकाएकी आठवलं. दिवाळीनंतर अकोल्यात परिचय मेळावा होता. पुस्तिकेसाठी ऐंशी बायोडाटा छापायचे होते. मंगल कार्यालयाजवळच्या झेरॉक्सवाल्याने त्यांचा फोन आपल्या कम्प्युटरच्या पडद्यासमोर धरला होता, आणि क्षणात सगळे कागद तिकडे. त्यांनी त्याला घरचा चिवडा दिला होता.

"त्यानं बंद केलं असन असंच मले वाटलं," त्या म्हणाल्या. "सापडला. करिश्मा, सापडला. काढ त्याले बाहेर."

"थांब. आधी ह्या पानाचा फोटो ठेवू. सायबर पोलिसांत तक्रार द्यायची आहे." फोटो निघाला. "आता तूच काढ."

जमुनाबाईंनी बोट टेकवलं. संगणक गेला. भीती कधी सरली आणि हुरूप कधी चढला, कळलंच नाही. त्यांनी भराभर फोनचं कुलूप बदललं, गुगलचा पासवर्ड बदलला, व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावायला बसल्या.

"आपल्या लग्नाची तारीख टाक," पंजाबराव म्हणाले.

"तुमाले आठवते?"

"नाही. म्हणूनच तं म्हणून राहिलो. कोणालेच समजणार नाही."

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून पिन टाकली.

बाहेर आल्या तेव्हा चार वाजले होते. त्यांनी आचलला फोन लावला. "बाई, माया फोनमधून तुई गोष्ट फुटली. चूक माई आहे. मैनाबाईले माहीत झाली, विपुलले अजून नाही."

आचल म्हणाली, "विपुलचा नंबर द्या."

पाहण्याआधी नंबर द्यायचा नाही, हा जमुनाबाईंचा एकवीस वर्षांचा नियम. त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला.

मग त्या पुस्तिकेतल्या ऐंशीही घरांना लिहायला बसल्या: 'माझ्या फोनमधलं कुणीतरी वाचत होतं. आज ते बंद केलं.' पाचव्या घराला लिहीत होत्या तेव्हा आचलचा संदेश आला. 'सांगितलं. ते म्हणाले, रविवारी येतोच.'

पंजाबरावांनी वाकून पाहिलं. जमुनाबाईंनी फोन छातीशी उलटा धरला.

"काय लिवलं?"

"त्या दोघाईचं आहे," त्या म्हणाल्या. आणि उठून ओल्या फडक्याने भिंतीवरचा पासवर्ड पुसू लागल्या.