मृदंगाची कणीक

"सैल आहे. हात लावून बघ. सैल म्हणजे सैलच आहे."

"सैल नाही. कालच्यापेक्षा घट्ट भिजवली आहे. आणि काल तुम्हीच म्हणालात, घट्ट झाली."

"काल घट्टच होती!"

"मग आज मधली झाली असेल. एकदम सैल कशी होईल?"

दत्तोबा गुरवांनी मृदंगाच्या डाव्या तोंडावरची कणीक नखांनी खरवडली आणि तो गोळा तुळजाबाईंच्या पुढ्यातल्या परातीत टाकला. "हे लावून वाजवू? सगळा आवाज बसतो. उजवीकडचं अक्षर उमटत नाही. तीस वर्षं कणीक भिजवतेस, आणि आता हात विसरला तुझा?"

"हात विसरायला काय झालंय! गहू तेच, जातं तेच, पाणी तेच नदीचं."

"मग पाणी जास्त घातलंस."

"बरं. उद्या थुंकीनं भिजवते," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा चढला की पलीकडच्या घरातलं उखळ थांबलं.

कोपऱ्यात बेलाची पानं निवडत बसलेली सून शकू खाली मान घालून म्हणाली, "गाईचं मात्र बरं चाललंय, आत्याबाई. रोज दोन-दोन गोळे."

काढलेली कणीक गाईला द्यायची, असा त्या घरचा रिवाज होता. मृदंगाच्या डाव्या तोंडावर वाजवण्याआधी ओल्या कणकेचा पेढा थापावा लागतो, तेव्हाच ते घुमतं. कणीक नसेल तर रिकाम्या रांजणावर थाप मारल्यासारखा बद्द आवाज येतो. सैल झाली तर थाप चिकटते, घट्ट झाली तर ऐन रंगात सुटून मांडीवर पडते. गुरवांच्या घरी रोज भाकरी असायची. गहू यायचे ते सणासाठी आणि मृदंगासाठी. मुलगा अनंता लहान असताना म्हणायचा, मृदंग पोळी खातो आणि आपण भाकरी.

सवाई माधवराव पेशव्यांच्या लग्नाचा थाट पुण्यानं पाहिला, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा हा श्रावण. नारायण पेठेत नदीच्या अंगाला महादेवाचं एक लहानसं देऊळ होतं. देवळाची पूजा आणि कीर्तनातला मृदंग हे दोन्ही दत्तोबांच्या घराकडे पिढ्यांपासून चालत आलेलं. घर देवळाला लागूनच. स्वयंपाकघर आणि सभामंडप यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीत वर एक झरोका.

तुळजाबाई मांजरी गावच्या गुरवाच्या लेक. मुलीच्या हातात मृदंग द्यायचा नाही असा माहेरचा नेम होता, पण कान कोणी बांधून ठेवले नव्हते. वडील हात धुता धुता मुलींना डोळे मिटायला लावत आणि जे हाती लागेल त्याच्यावर टिचकी मारत. तांबं की पितळ? घागर भरलेली की अर्धी? ही घंटा आपल्या देवळाची की मारुतीच्या? धाकट्या बहिणी कंटाळून पळत. तुळजा मात्र डोळे मिटून बसून राही. पुढे संसारात तिला ते कामी आलं. दूध उतू जायच्या आधी भांड्याच्या तळाशी जो बारीक घुंघुं आवाज होतो, तो तिला अंगणातूनही कळायचा. अनंता शाळेतून भांडून आला की खेळून, हे पायरीवरच समजायचं.

नवरा कसा आहे, हेही तिला आधी त्या भिंतीतूनच कळलं. लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं मोठ्यांसमोर एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. कीर्तनाच्या वेळी ती चुलीपाशी असे आणि झरोक्यातून सगळं ऐकू येई. सगळ्यांच्या खाली तंबोरा, सारवलेल्या जमिनीसारखा सलग. त्यावर कीर्तनकार बुवांचा आवाज. झांज कडेकडेनं चाले. मृदंग मोकळ्या जागा तेवढ्या भरी, पुढे घुसत नसे. बुवा सीतेच्या दुःखाशी आले आणि त्यांचा आवाज अगदी खाली गेला, की मृदंगावरची बोटंही खाली जात. नुसता उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईवर बोट टेकल्याचा भास उरे. भाकरी थापणारा तुळजाचा हात तेव्हा थांबे. दुसऱ्याचा आवाज खाली आला की जो आपला हात खाली आणतो, तो घरात ओरडणार नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. आणि खरोखर इतक्या वर्षांत दत्तोबा कधी ओरडले नाहीत.

ते ओरडायला लागले या आषाढापासून.

तुळजाबाईंनी आधी पावसाला दोष दिला. हवेनं चामडं ओढलं जात नाही, मग माणूस चिडतो. पुढे वयाला दिला. मग त्यांनी पीठ बदलून पाहिलं. जाडं दळलं, बारीक दळलं, दोनदा चाळलं. कोमट पाण्यात भिजवली, गार पाण्यात भिजवली. रोज काहीतरी निघेच. गंमत अशी की झरोक्यातून ऐकताना त्यांना डाव्या तोंडात काहीच खोट वाटत नसे. थाप गोल यायची, घुमारा मागे रेंगाळून विरायचा. कणीक चोख बोलत होती. बिघडलं होतं ते उजवीकडचं. जे बोल पूर्वी मोगऱ्याच्या कळीसारखे नेटके पडत, ते आता टणक, चढे पडत होते, आणि त्यांचा जोर एवढा की बुवांच्या शब्दांवर झाकण बसत होतं.

कीर्तन करणारे यज्ञेश्वरबुवा स्वतः आले ते शुक्रवारी सकाळी, दत्तोबा नदीवर गेलेले पाहून. दारातच उभे राहिले. "तुळजाबाई, एक बोलायचं होतं. दत्तोबांशी बोलायला जीभ रेटत नाही."

"बसा, बुवा."

"बसत नाही. दत्तोबांचा हात जड झालाय. मी निरूपण करतो आणि पुढच्या रांगेतले लोक कानाला हात लावून बसतात. आता श्रोतेच म्हणायला लागलेत, की बुवा, तुम्ही मृदंगाला साथ करता का?" बुवा हसले. "सासवडचा एक मृदंगी आहे. येत्या सोमवारी एकदा बघू. सुधारलं तर उत्तम. नाहीतर त्याला बोलावणं धाडीन. मला फार वाईट वाटतंय."

"अनंता वाजवतो की," तुळजाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"अनंताचा हात तयार आहे, पण अजून घाईचा आहे. शब्द संपायच्या आत त्याला टाळी हवी असते." बुवांनी उपरणं सावरलं. "एखादं वर्ष द्या त्याला."

म्हणजे परका मृदंगी येणार, आणि दत्तोबा कीर्तनाच्या वेळी गाभाऱ्यात समईची वात सारत बसणार. तुळजाबाईंनी हे फक्त अनंताच्या कानावर घातलं, नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्या दिवशीची कणीक त्यांनी फार जपून भिजवली, आणि तीही सैल ठरली.

शनिवारी दुपारी दत्तोबा पडवीत मृदंग लावायला बसले. अनंतानं तंबोरा धरला. तुळजाबाई आत तांदूळ निवडत होत्या. दार उघडं होतं. दत्तोबांनी उजव्या तोंडाच्या चामडी वाद्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यावर हातोडी मारली, बोट आपटून पाहिलं, पुन्हा मारली. स्वर वर वर गेला, तंबोऱ्याशी मिळाला. तुळजाबाईंना तो मिळाल्याचं कळलं, जसं आमटीत मीठ बेताचं पडल्याचं कळतं. त्यांनी सहज मान वर केली.

दत्तोबा त्यांच्याकडेच बघत होते.

तंबोऱ्याकडे नाही, मृदंगाकडे नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे. आणि तुळजाबाईंचा चेहरा निवांत झालेला पाहताच त्यांनी हातोडी खाली ठेवली.

तुळजाबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या. त्या सूप घेऊन दाराशी आल्या. "अजून लागला नाही," त्या म्हणाल्या.

अनंतानं आश्चर्यानं आईकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. दत्तोबांनी मुकाट्यानं हातोडी उचलली. एक ठोका, दुसरा. स्वर तंबोरा सोडून वर निघाला, चिरका झाला, कानात टोचायला लागला. दत्तोबांची नजर त्यांच्या तोंडावर खिळलेली. तुळजाबाईंनी कशीबशी मान डोलावली.

"लागला," दत्तोबा म्हणाले आणि समाधानानं हात झटकले.

अनंताचं बोट तंबोऱ्याच्या तारेवरच थांबलं. "आबा, हा तर..."

"अनंता, विहिरीवरून घागर आण," तुळजाबाई म्हणाल्या. "शकूलाही ने."

दोघं गेली. तुळजाबाई नवऱ्याजवळ, त्यांना तोंड दिसेल अशा बसल्या.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ऐकू येत नाही ते."

दत्तोबांनी मृदंगावरची दोरी नीट केली. ती नीटच होती. "घुमारा येतो," ते शेवटी म्हणाले. "मांडीत येतो, छातीत येतो. ते बारीक तेवढं गेलं. उजवीकडचं. चिमण्या गेल्या. बुवा खाली बोलायला लागले की नुसते ओठ दिसतात."

"आणि कणीक?"

"कणीक चांगली असते."

"महिनाभर माझा जीव काढलात की हो!"

"कणकेचा दोष म्हटलं की कणीक बदलता येते," दत्तोबा म्हणाले. "कानाचा म्हटल्यावर काय बदलू?"

तुळजाबाईंना राग यायला हवा होता. तो येता येता राहिला. "माझा आवाज येतो का?"

"तू भांडायला लागलीस की येतो." दत्तोबा ओशाळं हसले. "नाहीतर हल्ली तू पुटपुटतेस. भांडणात एकेक शब्द स्वच्छ ऐकू येतो."

"म्हणून भांडत होता होय?"

"सगळं भांडण त्यासाठी नव्हतं."

तुळजाबाई हसल्या आणि पदरानं डोळे पुसले, दोन्ही एकदमच. मग म्हणाल्या, "आधी हा उतरवा. कानात दाभण गेल्यासारखं होतंय."

त्यांनी बोटांनी खूण केली, दत्तोबांनी ठोका मारला. अजून. अजून थोडा. बस. स्वर जागेवर आला. मग तुळजाबाईंनी जात्यावरची एक ओवी म्हणायला घेतली, माहेरच्या वाटेची, साधीच. आधी मोठ्यानं म्हटली. दत्तोबांनी थाप दिली. दुसऱ्या ओळीला त्यांनी आवाज खाली आणला. मृदंग तसाच दणकत राहिला. त्यांनी तळहात जमिनीकडे हळूहळू नेला. दत्तोबांनी पाहिलं, आणि हात हलका झाला.

"अजून," त्या ओवीतच म्हणाल्या.

आता नुसती बोटं चालत होती. ओवी अगदी कुजबुजीवर आली होती आणि तिच्याखाली मृदंग जेमतेम श्वास घेत होता. तुळजाबाईंनी हात मांडीवर ठेवून दिला. आता खुणेची गरजच उरली नव्हती. त्यांच्या कपाळावरची आठी, ओठांची हालचाल, भुवई, एवढ्यावर तो माणूस वाजवत होता. लग्नानंतर भिंतीआडून ऐकलेला हात पहिल्यांदाच त्या समोर बसून बघत होत्या.

घागर घेऊन आलेली शकू उंबऱ्यातच थबकली. तिच्या मागून अनंता डोकावला.

ओवी संपल्यावर अनंता आत आला. त्याला सगळं कळलं होतं. "आबा, सोमवारी मी वाजवतो. बुवांना मी सांगतो. परका कशाला यायला हवा?"

परक्याची गोष्ट दत्तोबा पहिल्यांदाच ऐकत होते, किंवा अनंताच्या ओठांवर बघत होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तुळजाबाईंनी बुवांचं बोलणं दोन वाक्यांत सांगितलं, मोठ्यानं, कमी-जास्त न करता. दत्तोबांनी मृदंगावरून हात फिरवला.

"अनंता, तुझा हात चांगला आहे," तुळजाबाई म्हणाल्या, "पण तू अजून गाणाऱ्याची वाट बघत नाहीस. ती बघायला शीक."

"मग सोमवारी काय करायचं? तू ओवरीत बायकांत बसणार, तेही मागे. तिथून तुझ्याकडे बघून आबा वाजवणार कसे?"

"मी मागे नाही, पुढे बसेन."

"बुवांच्या समोर, पुरुषांत?" शकूनं विचारलं. "आत्याबाई, पेठेतल्या बायका बोलतील."

"त्या नाहीतरी बोलतात."

"बुवांना चालेल का?"

"शब्द ऐकू गेले की बुवांना सगळं चालेल. उद्या सकाळी मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन येईन."

दत्तोबा इतका वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "लोकांना कळेल मग," ते हळूच म्हणाले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच हळू बोलले होते.

"कळू दे."

तुळजाबाई उठल्या. लुगडं झटकलं, सूप शकूच्या हातात दिलं आणि तिघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सोमवारी मी देवळात पुढे बसणार आहे, बुवांच्या समोर, यांना दिसेन अशी. हा श्रावण आणि पुढची शिवरात्र यांचं वाजवणं असंच होईल. पुढच्या श्रावणापासून मृदंग अनंता घेईल, आणि तोवर तो रोज दुपारी यांच्या पुढ्यात शिकायला बसेल. सोमवारचा स्वयंपाक शकूकडे."