आईला पाणी पाजायला सोळा किलोमीटर

माझी आई जिद्दीची होती असं लोक म्हणतात. मी म्हणते, हट्टी होती. हे दोन्ही गुण माझ्यातही उतरलेत असं माझा नवरा म्हणतो, पण त्याचं काय ऐकायचं!

लग्न होऊन मी जासईहून नवीन पनवेलच्या सिडको कॉलनीत आले तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. नवरा पावणे गावचा, आमच्यातलाच, आगरी. सरकारनं जमिनी घेतल्या तशी त्यांना तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही दोघं या दीड खोलीच्या बिऱ्हाडात आलो. वडील माझे लहानपणीच गेलेले. जासईला आई एकटी.

आमच्यात एक रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलतो, मग ही रीत कुणाला जड जात नाही. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, दोन डॉक्टर झाले, एक वैद्य झाला, पाळणा काही हलला नाही. आणि सहा वर्षं माझ्या आईनं माझ्या घरात पाण्याचा थेंब तोंडाला लावला नाही. वर्षातून दोनदा यायची, एसटीनं, सोबत स्वतःचा फिरकीचा तांब्या घेऊन. जासईच्या विहिरीचं पाणी भरलेला! माझ्या स्वयंपाकघरात नळ, आणि ही बाई खाटेवर बसून गावचं पाणी पितेय. मला इतकं लागायचं ते, की विचारू नका. शेजारणी काही बोलायच्या नाहीत, पण बघायच्या.

त्या वर्षी दसऱ्यानंतर आली ती भर उन्हात. ऑक्टोबरचं ऊन, एसटीत गर्दी, तांब्या वाटेतच संपलेला. येऊन बसली ती ओठ सुकलेले. मी माठातलं पाणी ग्लासात ओतून समोर ठेवलं. तिनं ग्लास बोटानं हळूच बाजूला सारला.

"अगं, मरशील तहानेनं!"

"मरन, पन पिनार नाय. नातवाचं तोंड बघू दे, मंग तुजा माठ रिकामा करीन."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! संध्याकाळी तिला बसवर सोडायला खाली उतरलो, तर जिन्याखाली नवऱ्याची सायकल उभी. कंपनीची बस सुरू झाल्यापासून ती तिथंच धूळ खात होती. मी रागाच्या भरात बोलून गेले, "तू येऊच नकोस आता. मला भेटायचं असेल तेव्हा मीच येईन, या सायकलवर बसून."

आई हसायला लागली. सहा तास तहानलेली बाई, पण पोट धरून हसली. "तू? सायकलीवर? जासईला? ज्या दिशी तू या सायकलीवर बसून माज्या दारात उबी ऱ्हाशील ना, त्या दिशी मी तुज्या घरचं पानी पिईन, जा!"

"घे एकवीरेची शपथ."

"घेतली!"

ती मस्करीत म्हणाली होती. पण एकवीरा आईची शपथ आमच्यात कुणी मोडत नाही, मस्करीतली असली तरी. ती बस निघून गेली आणि मी तिथंच उभी. माझं वय अठ्ठावीस, आणि मी जन्मात कधी सायकलवर टेकले नव्हते.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "अगं, सोळा किलोमीटर आहे जासई."

"मला माहितीये. माहेर आहे ते माझं."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी आमची शाळा सुरू झाली. कॉलनीत तेव्हा बिल्डिंगा थोड्या आणि मोकळे प्लॉट फार, त्यामुळे पडायला जागाच जागा. मी पडलेही सगळीकडे. पण खरी अडचण पडण्याची नव्हती, साडीची होती. जेन्ट्स सायकल, मधे तो आडवा दांडा, आणि मी पाचवारी गोल साडीत. पाय टाकायचा कुठून? टाकलाच तर पदर चेनमध्ये. दोन साड्या फाटल्या आणि दोन आठवडे फुकट गेले. पोरं गोळा होऊन टाळ्या वाजवायची. नवरा म्हणाला, "राहू दे गं, आपण आईंना समजावू."

आईंना समजावू म्हणे! मी तशीच वर गेले आणि ट्रंक उघडली. तळाशी लग्नाआधीची दोन लुगडी होती. आमच्या बायका शेतात, मिठागरात गुडघ्यापर्यंत कास्टा मारून काम करतात, चिखलात मांडीपर्यंत उतरतात, कुणाचं काही अडत नाही. कॉलनीत आल्यावर मीच ते सोडलं होतं, गावंढळ दिसू नये म्हणून. नेसले, कास्टा ओढून खोचला आणि खाली आले. नवरा आ वासून बघत राहिला.

"अगं, इथं? कॉलनीत?"

"मग काय चंद्रावर जाऊ?"

टांग टाकली आणि बसले! त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी कॅरियर सोडलेलं मला कळलं नाही. बांधून चाललेल्या बिल्डिंगपर्यंत एकटी गेले आणि वाळूच्या ढिगात घुसून थांबले. तोंडात वाळू, आणि मी हसतेय. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे मी नवऱ्याला तेव्हाच सांगितलं.

आता तोल सांभाळता यायला लागला, तर बूड दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? ती चामड्याची सीट म्हणजे पाटच. पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले की घरात उभ्यानंच जेवायचे. मी सीटवर उशी बांधली. ती एकदा डावीकडे सरकायची, एकदा उजवीकडे, आणि मांड्या सोलवटून निघायच्या. मग मला अक्कल सुचली. गावाला होड्यांना माशाचं तेल लावतात, लाकूड कसं मऊसूत राहतं! पावण्याहून दिराकडून बाटली मागवली आणि सीटला दोन हात चोळलं. सकाळी बघते तर जिन्याखाली कॉलनीतली यच्चयावत मांजरं. तळमजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

शेवटी नवरा मला पनवेलच्या सायकलवाल्याकडे घेऊन गेला. म्हातारा होता, तोंडात कायम विडी. त्यानं सीटचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. शहाणा माणूस. मग म्हणाला, "बाई, बसून दाखवा." मी बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, गुडघे पार पोटाशी.

"सीट इतकी खाली कुणी केली?"

"मीच. पाय टेकायला नको?"

"जमिनीवर पाय टेकायचाय, का पुढं जायचंय? उभं राहायचं तर घरी राहा ना." असं म्हणून त्यानं पाना घेतला आणि सीट चांगली चार बोटं वर केली.

"पडेन ना मी!"

"पडाल दोनदा. तिसऱ्यांदा नाही."

अगदी दोनदाच पडले. पण तिसऱ्या दिवशी काय गंमत सांगू, पाय सरळ व्हायला लागले, गुडघे दुखायचे थांबले आणि बुडावरचा अर्धा भार पायांवर गेला. उशी सोडून टाकली. मग त्यानंच एकदा जाता जाता बघून ओरडून सांगितलं, "हॅन्डल काय म्हशीची शिंगं आहेत? सोडा जरा!" मुठी सैल केल्या तशा खांद्यातल्या कळाही गेल्या.

आता राहिलं अंतर. मला घाई झाली होती. जासईहून निरोप यायचे. एसटीनं कुणी बाजाराला आलं की हसत सांगायचं, "तुजी आई विचारतं, सायकलवाली कवा येतंय?" मी चिडून एका रविवारी एकदम आठ किलोमीटर गेले. परत येताना पायांत असे गोळे आले की एका टेम्पोवाल्यानं मला आणि सायकलला मागं टाकून घरी आणलं. चार दिवस जिना उतरता येईना.

त्या चार दिवसांत पडल्या पडल्या मला मिठागर आठवलं. आई मीठ वाहायची. पहिल्यांदा मला बरोबर नेलं तेव्हा डोक्यावर अर्धीच टोपली दिली. मी रुसले, बाकीच्या पोरींच्या भरलेल्या होत्या. आई म्हणाली होती, "पयल्या दिशी जिनं भरलेली उचलली, ती तिसऱ्या दिशी दिसत नाय." मग दर दोन दिवसांनी एकेक ओंजळ वाढवायची. महिन्याभरात मी भरली टोपली घेऊन बांधावरून पळत होते. आणि ही अक्कल मला आत्ता आठवावी!

मग तसंच केलं. दोन दिवस पनवेलच्या बाजारापर्यंत, मधे एक दिवस घरी. मग गाढी नदीच्या पुलापर्यंत. मग त्याच्या पुढचा किलोमीटरचा दगड. एक दगड वाढवला की दोनदा तेवढाच करायचा, अंगाची कुरकुर बंद झाली की पुढचा. चढ आला की उतरून चालायचं, त्यात लाज कसली? निघताना भाकरी आणि गूळ, बरोबर पाण्याची बाटली, आणि तहान लागायच्या आधी घोट. सकाळी सातला माझं लुगडं रस्त्यावर दिसलं की भाजीवाल्या विचारायच्या, "आज कुठपर्यंत?" मी सांगायचे, "पारगाव!" नवऱ्यानं कॅलेंडरवर माझे दगड लिहायला सुरुवात केली. आमच्या त्या दीड खोलीत मूल नाही म्हणून जो एक गप्पपणा असायचा ना संध्याकाळी, तो त्या हिवाळ्यात नव्हता. कामावरून आले की मी दार उघडायच्या आधी विचारायचे, "किती झाले?"

माघ संपताना एका रविवारी निघाले. नवरा म्हणाला, "मी येऊ मागून एसटीनं?" मी म्हटलं, "तुम्ही माठ भरून ठेवा."

पारगावपर्यंत गाणं म्हणत गेले. खाडीकडून वारा, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, मधूनच एखादा ट्रक. तिथून पुढं मात्र वारा तोंडावर आला. गव्हाण फाट्याच्या अलीकडे एक लांब चढ आहे, दिसायला काही नाही, पण संपतच नाही. उतरले, चालले, परत बसले, परत उतरले. बाटली संपली. डाव्या पोटरीत गोळा आला आणि मी मोरीच्या कठड्यावर बसून पाय चोळत रडकुंडीला आले.

तेवढ्यात उरणची एसटी आली. ड्रायव्हरनं माझी अवस्था बघून आपणहून थांबवली. कंडक्टर दारातून म्हणाला, "काय झालं ताई? टाका सायकल टपावर, चला. कुठं जायचंय?"

"जासई."

"मग हे काय, आलंच की!"

खरं सांगते, मी उठले होते. जासईच्या नाक्यावर उतरायचं, तिथून सायकलवर बसून दारात जायचं. कोण बघतंय? पण एकवीरा बघत होती आणि मीही बघत होते. असं मिळवलेलं पाणी आईच्या घशाखाली उतरताना मला बघवलं नसतं. मी परत बसले. "जा तुम्ही. मला आईला पाणी पाजायचंय." कंडक्टरनं माझ्याकडे असं बघितलं, जणू बाईला ऊन लागलंय. घंटी मारली, बस गेली. फाट्यावरच्या हॉटेलात दोन ग्लास पाणी आणि एक चहा प्याले, पोटरी सुटली, आणि पुढचे किलोमीटर कसे गेले ते मला आठवतच नाहीत.

आई अंगणात सुकट वाळत घालत होती. मी थेट तिच्या सुकटीपर्यंत सायकल नेली आणि घंटी वाजवली. तिनं वर बघितलं. लुगडं बघितलं, सायकल बघितली, मग माझ्या मागं रस्त्यावर बघितलं.

"कोनी सोडली तुला?"

"कुणी नाय. मीच आले."

विश्वास बसेना. जवळ आली, माझे दोन्ही तळहात उलटे केले. हॅन्डलनं लाल झालेले, अंगठ्याखाली फोड आलेले. मिठागरातली बाई ती, हात वाचता यायचे तिला. फोडांवरून बोट फिरवलं, एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तडक आत गेली. मला वाटलं रागावली. पाच मिनिटांनी बाहेर आली ती सणाचं लुगडं नेसून, पायात चपला, हातात काही नाही. दाराला कडी घातली.

"चल."

"अगं, कुठं? मी आत्ता आलेय!"

"पानी प्यायला."

दुपारच्या एसटीनं निघालो. सायकल टपावर, आम्ही खाली. आख्ख्या गाडीला आईनं सांगितलं की माझी लेक पनवेलहून सायकलीनं आली. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. घरी पोचलो, नवरा दार उघडून उभा. माठ काठोकाठ भरलेला. मी तांब्याभर पाणी आणि ग्लास दिला. आई खाटेवर बसली नाही, खाली पाटावर बसली, सणाला बसतात तशी. एक ग्लास प्याली. दुसरा मागितला. तो संपवून पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "शपत होती म्हनून पयला. दुसरा माजा."

मग मी रडले. तीही रडली. नवरा उगाच माठ तपासत राहिला.

मूल आम्हाला झालंच नाही. आई पुढं वीसेक वर्षं जगली आणि दर महिन्याला आमच्याकडे यायची, रिकाम्या हातानं. जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच ओरडायची, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं, "पानी काढ गो!"