चपलांचं कपाट

धम्मदीपला त्या गाडीचा वीट आला होता. अर्धापूरच्या रामकिशनरावांनी केळीच्या पैशातून मोटारहोम घेतलं होतं; आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. सहलीला जाणाऱ्यांना ते भाड्यानं द्यायचे आणि चालवायचा धम्मदीप, सहा फुटांच्या वरचा गडी. पण ड्रायव्हरच्या सीटला मागून चिकटूनच मालकांनी चपलांचं कपाट ठोकून घेतलेलं, त्यामुळं सीट तसूभर मागं सरकायची नाही. लातूरपुढचं औसा येईस्तोवर गुडघे स्टेअरिंगखाली घासून सोलून निघायचे. आणि कपाट कायम रिकामं! गिऱ्हाईक चिखलाच्या बुटांनी थेट पलंगावर चढायचं, ती घाण पुसायची धम्मदीपनं.

"मालक, ते कपाट हलवा की," तो वर्षभर म्हणत होता.

"मग लोकांनी चपला काय डोक्यावर ठेवायच्या?"

माणसाच्या पायापेक्षा पायताणाची काळजी जास्त!

धोंड्याच्या महिन्यात पुण्याचे जावई आले. तेही उंच. त्यांना गाडी चालवायची हौस आली, गुडघे अडले, आणि सासऱ्यांनी त्याच दुपारी मिस्त्री बोलावून कपाट काढलं. सीट सुळकन मागं गेली. जावयांनी गावाला एक फेरी मारली.

ते परत गेले त्याच संध्याकाळी मिस्त्री पुन्हा कपाट ठोकत होता. धम्मदीपला शिसारी आली. मिस्त्री गेल्यावर त्यानं गाडीतली आपली पिशवी उचलली आणि नोकरीला रामराम ठोकून घर गाठलं.

सकाळी मालकांचा फोन आला. "आरं, गिऱ्हाईक दारात उभं हाय! किल्ली कुठंय?"

"चपलांच्या कपाटात. तुमच्या गाडीत तेवढीच जागा मोकळी हाय."