तुमचंच हाय की

कोल्हापूरच्या स्टँडवरून हुपरीची गाडी धरली तेव्हा मी खुशीत होतो. ‘सामाजिक उद्योग’ या विषयावरच्या चर्चा ऐकून पुण्यात कान किटले होते. आता बायकांनीच चालवलेला चांदीच्या पैंजणांचा कारखाना डोळ्यांनी बघायचा होता.

गाडीत शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, “पावणं (पाहुणे), बायकांच्या कारखान्याला व्हय? आज उठतोय की त्यो!”

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

चेष्टा नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये बायका रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. त्यांच्या प्रमुख शालनअक्का. त्यांनी चहा आणि भडंग (चुरमुऱ्यांचा तिखट चिवडा) पुढे केलं.

“छान आहे हो कारखाना तुमचा,” मी म्हणालो.

“तुमचाच हाय की! बसा.”

बोलून गेल्या आणि एकदम तोंडाला पदर लावला. बाकीच्या खाली बघू लागल्या.

मग हकीकत कळली. चांदीची तार ओढायचं यंत्र एका संस्थेने दिलं होतं. बायका कारखाना आपला समजून चालवतात असं दिसलं, की यंत्र त्यांच्या नावावर होणार होतं. तपासणीला संस्थेचे साहेब आले. “हा कारखाना कुणाचा?” त्यांनी विचारलं. आल्यागेल्याला म्हणतात तेच अक्का म्हणाल्या, “तुमचाच हाय की, सायेब.” साहेबांनी अहवालात लिहिलं, महिलांमध्ये मालकीची भावना नाही.

“मग समजावून सांगायचं ना!”

“सांगितलं की. म्हनले, अहवाल वर गेला. आता हायच परत, व्यापाऱ्याची चांदी आन् व्यापाऱ्याची मजुरी.”

माझं डोकं फिरलं. ज्यांना साधी अदब कळत नाही, त्यांनी माणसांसाठी धोरणं कशाला आखावीत?

दुपारी यंत्र परत न्यायला संस्थेचा टेम्पो आला. यंत्र चढवताना हमालाने त्यावर ठेवलेली जुनी हातोडी उचलली. “ही कुणाची?”

“आमची!” अक्का एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या की तो दचकला. “माझ्या सासूची हाय ती. आमची हाय!”

त्याने हातोडी दिली. यंत्र गेलं.

मला सोडायला अक्का स्टॉपपर्यंत आल्या. हातोडी हातातच होती. “परत या, पावणं,” म्हणाल्या. “घर...” पुढचे शब्द त्यांनी गिळले. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुण्याला पोचलो तर शेजारी दारात उभे. “या की, घर तुमचंच आहे,” मी सवयीने म्हणालो. त्यांनी चहा घेतला, गप्पा मारल्या आणि गेले.

घर माझंच राहिलं.